रविवारचं गाणं आणि फ्राऊ वेबरची माफी

हे माझ्या आईला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. गोष्ट तशी किरकोळ आहे. कुणाची नोकरी गेली नाही, कुणी कोर्टात गेलं नाही. एका गाण्यावरून झालेली — पण गाण्यावर कशाला ढकलू? माझ्यावरून झालेली.

तरी आधी गाण्याचंच सांगते. एका अमेरिकन बँडचं गाणं. तुम्ही ते नक्की ऐकलं असणार; उन्हाळा आला की जर्मन रेडिओवर, सुपरमार्केटात, केस कापायच्या दुकानात सारखं लागतं. रेगे आणि रॉकची सरमिसळ, आणि ऊन आहे, समुद्र आहे, आज काही करायचं नाही असा एकंदर सूर. त्यात गिटारचा फटका ठेक्यावर पडत नाही. ठेका होऊन गेल्यावर जी रिकामी जागा उरते, तिथे पडतो. सगळी गंमत त्यात आहे.

सुहासदादाला नेमकी तीच जमत नव्हती. तो जर्मनीतल्या आखनमध्ये गिअरबॉक्सवर काम करणारा इंजिनिअर, मूळचा सांगलीचा. मी तिथे पीएचडी करत होते. आमची दारं तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर, आणि मागची एक भिंत सामाईक. बेचाळिसाव्या वर्षी त्याने गिटार घेतली, कारण मराठी मंडळाच्या उन्हाळी कार्यक्रमात त्याला हे एक गाणं वाजवायचं होतं. एकच. पण त्याचा हात लहानपणापासून आरतीच्या टाळ्यांवर वाढलेला. फटका बरोब्बर ठेक्यावर. गाणं समुद्रकिनाऱ्यावर सुरू व्हायचं आणि चौथ्या ओळीला गणपतीची आरती व्हायची. मग तो स्वतःच हसायचा, आतून वर्षावहिनी हसायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून.

दर रविवारी सकाळी अकराला. चाळीस मिनिटं. घड्याळ लावून, कारण इथे रविवारी शांतता पाळतात हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आता तुम्ही विचाराल, मग जाऊन सांगायचं ना — दादा, जरा हळू वाजव? हेच तर. एक वाक्य होतं. पण ते घर मला त्याच्याच शब्दावर मिळालं होतं. दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जेवायचे. वहिनी माझ्यासाठी भाकरी वेगळी, पातळ थापायच्या. अशा माणसाला आवाज कमी कर म्हणायची मला भीड पडली. भीड म्हटलं की किती सोज्वळ वाटतं, नाही? मीही बरीच वर्षं तोच शब्द वापरला.

खरं कारण दुसरं होतं. माझा प्रबंध अडला होता. प्रोफेसरांनी एक प्रकरण तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं. आणि भिंतीपलीकडे हा माणूस एक गोष्ट इतकी वाईट करत होता, आणि इतका खूश होता. मला आवाजाचा त्रास थोडा होत होता. त्याच्या आनंदाचा जास्त होत होता.

इथे शेजाऱ्यांच्या आवाजाची रीतसर नोंद ठेवायची पद्धत आहे. लॅर्मप्रोटोकोल म्हणतात. तारीख, वेळ, किती मिनिटं, कसला आवाज, असा तक्ता. मी तो केला. संशोधक होते, तक्ते छान करायचे. सहा रविवार. चाळीस मिनिटांचे मी नव्वद केले. शेवटच्या रकान्यात लिहिलं: गिटार, नेहमी तेच गाणं. खाली नाव न घालता इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीला पोस्टाने पाठवून दिलं.

पण एवढंच असतं तर मी हे सांगायला बसले नसते.

दोन आठवड्यांनी दादा हातात पाकीट घेऊन माझ्याकडे आला. कंपनीची ताकीद होती. पुन्हा असं झालं तर घर सोडावं लागू शकतं, अशा अर्थाची. सोबत माझा तक्ता जोडलेला. त्याला साधारण कळलं होतं, पण माझं जर्मन चांगलं, म्हणून नीट वाचून दाखव म्हणाला. मी चहा ठेवला आणि माझंच पत्र त्याला मराठीत वाचून दाखवलं. रकान्यासकट. नव्वद मिनिटांवर तो थांबला. मी इतका वेळ वाजवतो, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, कळत नाही रे वाजवताना.

मग तो म्हणाला, "कुणी लिहिलं असेल गं?"

मी म्हटलं, "खालच्या फ्राऊ वेबर असतील."

फ्राऊ वेबर त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, गुडघ्यांनी हैराण. दर शनिवारी दादा त्यांचा पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट वर आणून द्यायचा. दिवाळीला वहिनींकडून फराळाचं ताट जायचं, तिकडून केक यायचा. त्यांचं नाव मी विचार करून घेतलं का? नाही. पहिलं सुचलं ते घेतलं. पण परत घ्यायला मला पुढची सगळी वर्षं होती.

दादा भांडला नाही. गिटार कपाटावर गेली, शनिवारचा क्रेट बंद झाला. जिन्यात भेटल्यावर तो फक्त मान हलवायचा. त्या दिवाळीला ताट गेलं नाही.

डिसेंबरात फ्राऊ वेबरनी मला जिन्यात गाठलं. तुम्ही त्यांच्या देशातल्या, तुम्हाला ठाऊक असेल, म्हणाल्या. माझ्याकडून काही अपमान झाला का? मागच्या वर्षीच्या केकमध्ये जिलेटिन होतं, ते जनावरांच्या हाडांपासून करतात, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते चालत नाही असं मी नंतर वाचलं. त्यामुळे असेल का?

दादाकडे सगळं चालायचं. रविवारी चिकनच असायचं. हे मला माहीत होतं आणि तरी मी म्हटलं — असू शकेल.

पुढच्या रविवारी त्या फुलं आणि एक कार्ड घेऊन कठड्याला धरत वर चढल्या. कार्डावर दोनच ओळी होत्या. चूक माझी होती, मला माफ करा. त्या गेल्यावर दादाने मला बोलावून कार्ड दाखवलं. "बघ, कबूल केलं बिचारीने. तू बोललीस ना तिच्याशी?" मी होकारार्थी मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. पुढच्या शनिवारी क्रेट पुन्हा वर गेला, आणि तेव्हापासून कधी चुकला नाही. गिटार मात्र खाली आली नाही. म्हातारीने एवढी माफी मागितल्यावर पुन्हा तिच्या डोक्यावर कसं वाजवायचं, म्हणाला. मंडळाच्या कार्यक्रमात त्याने खुर्च्या मांडल्या.

माझी पीएचडी झाली. मी फ्रँकफर्टला नोकरीला लागले, लग्न झालं. आखनला जाणं-येणं राहिलं. वहिनी अजून भाकरी वेगळी थापतात. सांगायला जागा कितीतरी वेळा आली. मी जेवून परत आले.

यंदा मार्चमध्ये फ्राऊ वेबर गेल्या. दादाचा फोन आला, त्याला दफनाच्या वेळी दोन शब्द बोलायचे होते. मराठीत सांगतो, तू जर्मन कर आणि तूच वाच, म्हणाला, माझ्याने बोलवणार नाही. त्याने सांगितलं ते असं: आमच्यात एकदा गैरसमज झाला होता. चूक त्यांची होती. पण त्या वयात जिना चढून त्या माझ्या दारात आल्या आणि माफी मागितली. एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

दफनभूमीच्या छोट्या हॉलमध्ये नऊ-दहा माणसं होती. पहिल्या रांगेत त्यांची भाची बसली होती, तिच्या शेजारी दादा आणि वहिनी. मी उभी राहिले. 'चूक त्यांची होती' हे वाक्य गाळता आलं असतं. दादाला ते गाळलेलं कळलं असतं, म्हणून मी तेही वाचलं.