सखाराम बरा कसा झाला

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची पलटण पश्चिम सीमेवर होती. मी लान्सनाईक, सिग्नल प्लाटून. आमच्या बंकरमध्ये तिघे होतो. मी कळमनुरीचा, नाईक सखाराम पुसेगावचा आणि सिपाही उत्तम कनेरगाव नाक्याचा. एकाच मुलखाची तीन माणसं फौजेत अशी क्वचितच एकत्र येतात.

एका पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी गोळाबारीत टेलिफोनची लाईन तुटली. सखाराम रेशन आणायला मागे गेला होता. मी उत्तमला म्हणालो, "जा, जोडून ये." साडेपाचला लाईन चालू झाली. उत्तम परत आला नाही.

लढाई संपली आणि आम्ही दोघे बिघडलो. सखाराम झोपेत ओरडायचा, मला झोपच नव्हती. दोघांना एकाच मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसिक वॉर्डात पाठवलं. तिथे औषधाच्या गोळीचीही परेड असे. सकाळी सहाला फॉल-इन, समोर नर्सिंग हवालदार. "मुँह खोल. जीभ ऊपर." सखाराम दोनदा जिभेखाली गोळी लपवताना पकडला गेला. सुट्टी देताना मेजर डॉक्टर म्हणाले, "आधा काम गोली करेगी. बाकी आधा तुम्हारा. काम पकड़ो, किसी से बात करो. और अपनी मर्ज़ी से गोली बंद नहीं करना." मी 'यस सर' म्हणालो आणि गोळीचं तेवढं लक्षात ठेवलं.

त्र्याहत्तरला मेडिकल बोर्डाने दोघांना घरी पाठवलं. मी कळमनुरीत गोळ्या वेळेवर घेत होतो. झोप लागायची, पण हात थरथरायचे, जीभ जड व्हायची, दिवस गुंगीत जायचा. शेतात जात नव्हतो, कुणाशी बोलत नव्हतो. सखाराम मात्र कनेरगाव नाक्यावर उत्तमच्या वडिलांच्या, नामदेवबाबांच्या चहाच्या हॉटेलात कामाला राहिला. वाशीमला जाताना दोनदा एसटीच्या खिडकीतून तो दिसला. अंग भरलेलं, गिऱ्हाइकांची थट्टा चाललेली. मी खाली उतरलो नाही. बाबांना तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती, कारण त्यांच्या मुलाला मी पाठवलं होतं.

खरं सांगतो, मी सखारामवर जळत होतो. लढाई तीच, वॉर्ड तोच, आणि हा गडी हसतो कसा? हसतो तेही उत्तमच्या घरात, त्याच्या बापाच्या हातचं खाऊन. बायको म्हणाली, "तुमी त्येच्याकडं काहून जात न्हाई? ईचारा तरी, काय करून राहिला म्हणून." मी विचारलं नाही. मनाशीच ठरवून टाकलं की त्याची जुनी खोड गेलेली नाही, त्याने गोळ्या फेकल्या असणार आणि म्हणूनच तो बरा आहे. त्या दिवसापासून मीही बंद केल्या.

चार-पाच दिवस डोकं हलकं वाटलं. मग झोप गेली. नवव्या दिवशी दुपारी मी नाक्यावर उतरलो. मीही सुधारलो, हे सखारामला दाखवायचं होतं. हॉटेल वीस पावलांवर असताना एका ट्रकचा टायर फुटला.

पुढचं मला सखारामकडून कळलं. मी रस्त्याच्या कडेला पालथा पडलो, मूठ कानाला लावली आणि ओरडू लागलो, "हॅलो, लाईन डेड, लाईन डेड." माणसं हसायला लागली. सखाराम हातातली किटली ठेवून, कोपरांवर सरपटत, सगळ्यांच्या देखत माझ्यापर्यंत आला.

"लान्सनाईक भीमराव, लाईन ओके. सीज फायर."

"कन्फर्म?"

"कन्फर्म. पीछे चलो."

आत बाकावर बसवून त्याने विचारलं, "गोळ्या?"

"सोडल्या. तुझ्यासारख्या."

तो चुलीकडे वळला. मग म्हणाला, "बाबा, सांगा याला."

चुलीपाशी उभे असलेले नामदेवबाबा म्हणाले, "रोज सकाळी माझ्यासमोर घेतो त्यो. जीभ वर करून दावतो. मग कामाला लागतो, दिसभर बोलतो. येक दिस चुकला न्हाई."

एसटीच्या खिडकीतून मला एवढं कुठं दिसलं होतं.

त्याच आठवड्यात सखाराम मला हॉस्पिटलात घेऊन गेला. मेजरसाहेब आधी रागावले, मग त्यांनी गोळी बदलली. हळूहळू थरथर कमी झाली. पुढचे दोन महिने मी नाक्यावरच राहिलो, कपबशा विसळत, गिऱ्हाइकांशी बोलत. सकाळी सहाला बाबांसमोर आधी सखाराम उभा राहायचा, मग मी. त्याचा नंबर पहिला, हेही मला खुपायचं.

एका सकाळी सखाराम दूध आणायला गेला होता. मी म्हणालो, "बाबा, उत्तमला मी पाठवलं होतं."

"ठावं हाय. सखारामनं आल्या आल्याच सांगितलं. तवापासून तुझी वाट पाहून राहिलो." मग त्यांनी विचारलं, "जाताना काय बोललं माझं पोरगं? सखाराम नव्हता तिथं. त्ये तुलाच ठावं."

इतके दिवस मी सखारामकडे काय काय आहे तेच मोजत होतो. हे त्याच्याकडे नव्हतं.

"म्हणाला, उस्ताद, रेशन आलं की माझी चपाती बाजूला काढून ठिवा. न्हाईतर सखाराम खाऊन टाकील."

बाबा हसले. उपरण्याने डोळे पुसले, पुन्हा हसले.

"ठिवली व्हती?"

"ठेवली होती, बाबा. संध्याकाळपर्यंत. सखारामला हात लावू दिला नाही."