दीपमालाची चौकशी

माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. खरंच सांगते.

दीपमाला माझ्या भावाची पोरगी. अमळनेरच्या कॉलेजात शिकली, मग तीन वर्षं पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. ती कंपनी बुडाली, इकडे तिची आई अंथरुणाला खिळली, म्हणून परत आली. आई गेली. पण मधली दोन वर्षं घरात गेली ना, आता तिला कुणी दारात उभं करेना. मुलाखती देऊन देऊन पोरगी सुकली. जेवायला बसवलं तरी ताटाकडे बघत राहायची. जीव तुटायचा हो माझा.

मग एक मोठी कंपनी आली. दुकानं, दवाखाने, बँका, सगळ्यांचं काम म्हणे आता क्लाउडवर चालतं, म्हणजे कुठंतरी लांब ठेवलेल्या मोठ्या कॉम्प्युटरांवर. गिऱ्हाईक एवढं वाढलं की चारशे माणसं एकदम घ्यायची होती. दीपमालाची निवड झाली!

"आत्या, ही नोकरी गेली तर संपलं. फक्त कागद तपासायचे राहिलेत," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी मला फोन आला. माणूस गोड बोलणारा. "लीलाबाई ना? कंपनीतून बोलतोय. दीपमाला तुमची कोण? स्वभाव कसा? आधी कुठे नोकरी केली का?"

आता आमच्याकडे परका माणूस पोरीबद्दल असं विचारतो ते एकाच कामासाठी. मला वाटलं, स्थळ आलं, मुलगा कंपनीत असेल. मागच्या वर्षी धुळ्याचं स्थळ, पोरगी पुण्यात एकटी राहिली एवढ्यावरून फिरलं होतं. तेच डोक्यात.

"नोकरी? छे हो! आमची दीपू घर सोडून कुठं गेलीच नाही. चूलभाकरीत पटाईत शे."

"नक्की?"

"बठ्ठं गाव सांगेल, कुणालाही विचारा!"

शनिवारी मेल आला. पुण्याचा अनुभव खोटा, निवड रद्द. पुण्याची कंपनी बंद, तिथं हो म्हणायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिनं माझा नंबर दिला होता. मी त्या माणसाला फोन लावून हातापाया पडले. तो म्हणाला, "बाई, परवा नाही म्हणालात, आज हो म्हणता. आता जागाही भरली."

दीपमाला भिंतीला टेकून बसलेली. मी म्हटलं, "मार मला, शिव्या दे. पण अगं, माझाच नंबर का दिलास?"

"तू कधी खोटं बोलत नाहीस म्हणून," ती म्हणाली.