हाळी न देता गेलेला जावई

वस्तीवर जाताना बांधावर थांबून "कुत्रं धरा" अशी हाळी द्यायची असते. ती मी दिली नाही.

निरवांगीच्या बाजूला रानारानांत वस्त्या आहेत. गावापासून लांब, ज्याच्या त्याच्या रानात एकेकटं घर. दिवाळीच्या सुमाराला ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. येणाऱ्याला घर दिसत नाही आणि घरातल्यांना येणारा दिसत नाही. कुत्र्याला मात्र सगळं कळत असतं. म्हणून पाहुण्यानं लांबूनच ओरडायचं, घरातून "धरलंय, या" असं उत्तर आलं की मग पाऊल टाकायचं. मीटरचं रीडिंग घेणारा हाळी देतो, खताचा एजंट हाळी देतो, मतं मागायला येणारे तर गाडीतून उतरायच्या आधीच देतात.

"हाळी द्या," नारळाची पिशवी घेऊन मागून येणारी बायको म्हणाली.

"सासुरवाडीला कसली हाळी?" मी म्हणालो. "जावयानं बांधावर उभं राहून बोंबलायचं का आता?"

माझ्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या एकुलत्या एक धाकट्या भावानं, नवा ट्रॅक्टर घेतला होता. पूजेला जायचं मला जमलं नव्हतं, म्हणून मागाहून पेढे घेऊन निघालो होतो. ऊस संपला आणि ट्रॅक्टर दिसला. त्याच्या मागच्या चाकाआडून कुत्रं निघालं, तेही दिसलं. मी "हाड, हाड" म्हणत पेढ्यांचा पुडा त्याच्यापुढं नाचवला. कुत्र्यानं पुड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि माझी डावी पोटरी पसंत केली.

कुणाचंच नाव मी इथं लिहीत नाही, कुत्र्याचंही नाही. त्याच्यावर अजून काही शाबीत झालेलं नाही.

मेहुणा गोठ्यातून पळत आला. त्यानं कुत्र्याला गळपट्ट्याला धरून मागं ओढलं आणि पहिला प्रश्न मला विचारला, "दाजी, हाळी का न्हाय दिली?"

त्याची बायको जखमेत भरायला तिखटाचा डबा घेऊन आली. माझ्या बायकोनं तो तिच्या हातातून काढून घेतला, मला पाण्याच्या मोटारीच्या पाइपाखाली बसवलं आणि कपड्याच्या साबणानं पोटरी घासघास घासली. मी ओरडत होतो. मेहुणा कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत होता, बहुतेक माझ्या ओरडण्यानं ते बिथरू नये म्हणून.

"कायच कळंना बगा," तो म्हणाला. "घरच्या माणसाला हे आजपातूर कदी चावलं न्हाय."

दात पोटरीत लागले होते. हे वाक्य कुठं लागलं, ते दवाखान्यात मला दाखवता आलं नाही.

सासऱ्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत त्या घरात मेंढरं होती. मग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली, पण कळपाबरोबरच्या कुत्र्यांचा वंश राहिला. त्यामुळे त्या घरात कुत्र्याचा शब्द मानतात. कुत्रं ज्याला चावलं त्यानं काहीतरी केलेलं असणार, हे तिथं गृहीत असतं.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शन टोचून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रं भटकं का पाळीव?"

"पाळीव. मेहुण्याचं."

"मग बरं झालं. त्याच्यावर थोडे दिवस नजर ठेवा. रोज चौकशी करा. खातंय का, पाणी पितंय का, वागणं बदललंय का. मेलं किंवा पळालं तर लगेच मला सांगायचं. आणि कुत्रं कितीही ठणठणीत असलं तरी इंजेक्शनं चुकवायची नाहीत."

आता, माझा आणि मेहुण्याचा फोन दिवाळीला एकदा व्हायचा. त्यातही "हां, आक्काला देतो" आणि "हां, तिच्याकडंच द्या" एवढंच. तो मी आता रोज सकाळी करू लागलो.

"कुत्रं कसंय?"

"झ्याक हाय."

"जेवलं का?"

"भाकरी खाल्ली. दूध प्यालं."

"वागणं कसंय?"

"आज कुणाला चावलं न्हाय."

माझा पाय कसा आहे, हे त्यानं विचारलं नाही. कुत्र्याचा पाय मात्र मला रोज कळत होता. एकदा त्यात काटा गेला होता, तोही काढल्याचं त्यानं सांगितलं.

बारामतीत कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दाव्यांच्या प्रती काढून काढून कायदा आपल्याला येतो असा माझा समज झालेला आहे. माझ्या शाळेतला एक मित्र तिथंच वकिली करतो. तो प्रती न्यायला आला, तेव्हा मी पँट वर करून पोटरी स्टुलावर ठेवली.

त्यानं चष्मा लावून पाहिली. "भटकं असतं तर ग्रामपंचायतीला धरलं असतं," तो म्हणाला. "हितं शहरात चावलं असतं तर नगरपालिकेला. अर्ज द्यायचा, नाही ऐकलं तर वर कोर्टात जायचं. पण पाळीव आहे म्हणजे मालक जबाबदार. जनावराची नीट काळजी घेतली नाही, म्हणून पोलिसात तक्रार देता येते. त्याला कलम आहे. औषधपाण्याचा खर्च, दुकान बंद राहिलं ते, झालेला त्रास, यासाठी दिवाणीत भरपाईचा दावा वेगळा. दवाखान्याचा कागद जपून ठेव, फोटो काढून ठेव. कुठल्याशा राज्यात तर दातांच्या खुणा मोजून भरपाई ठरवतात म्हणे."

मी पोटरी जरा उजेडाकडं फिरवली.

"मला भरपाई नको," मी म्हणालो. "त्यानं 'चूक झाली' म्हणावं."

"तसं कलम नाही. फार तर नोटीस पाठवू. पण साक्षीदार पाहिजे. कोण होतं तिथं?"

साक्षीदार त्याच वेळी माझा डबा घेऊन दुकानाची पायरी चढत होती.

वकिलाला उत्साह आला. त्यानं तिला स्टुलावर बसवलं. "वहिनी, कोर्टात विचारतील तसं विचारतो हं. कुत्रं कुणाचं?"

"माझ्या भावाचं."

"बांधलेलं होतं?"

"रानातलं कुत्रं दिवसाचं कोण बांधतंय?"

वकिलानं माझ्याकडं पाहून मान हलवली. मुद्दा आमच्या बाजूचा होता. "बरं. यांनी कुत्र्याला डिवचलं का?"

"पेढे दाखवले."

"हाळी दिली होती?"

"न्हाई. मी म्हणलं होतं, द्या."

"का नाही दिली?"

"जावई हायत म्हणून."

"तुम्हीही बरोबर होता. तुम्हाला का नाही चावलं?"

"मला कशाला चावंल?" बायकोला प्रश्नच समजला नाही. "मी जातीया की तिकडं. हेच येत न्हाईत."

वकिलानं चष्मा काढला. "गड्या," तो मला म्हणाला, "हा साक्षीदार आपण समोरच्या बाजूला देऊन टाकू. नाहीतर निम्मी चूक तुझ्याच अंगावर येईल. आणि प्रकार झाला निरवांगीला, म्हणजे दावा इंदापूरला. तारखांना तिकडं जावं लागेल."

"मग बरंच हाय," बायको डब्याचं झाकण काढत म्हणाली. "तारखेला गेलं की दुपारचं जेवाण माझ्या भावाकडं करता यील."

वकील हसत हसत गेला. ती हसली नाही. तिनं भाजी वाढली, भाकरी मोडून दिली आणि मग खाली मान घालूनच म्हणाली, "नोटीस पाठवायचीच असंल तर पाठवा. पण भाऊबीज आली. नोटीस दिल्यावर मी कुठल्या तोंडानं ओवाळायला जाऊ, तेवढं तुमच्या वकिलाला विचारून ठिवा. मला काय दुसरा भाऊ न्हाय."

मी ते वकिलाला विचारलं नाही. रागात असलेल्या माणसाला कायद्यातलंच तेवढं ऐकू येतं. मी नोटीस टाइप करून घेतली, वकिलाची सही घेतली आणि माझ्याच दुकानात तिच्या प्रती काढल्या. रांगेत उभा राहून काढल्या, कारण गिऱ्हाईक होतं. मग पोस्टात निघालो आणि पायरीवरच वकील पुन्हा भेटला.

"कुत्र्यावरची नजर संपली का?" त्यानं विचारलं.

"अजून नाही."

"मग आज नोटीस गेल्यावर, उद्या सकाळी 'कुत्रं जेवलं का' हे तू विचारणार कुणाला?"

मी पायरीवरूनच मागं फिरलो. नोटीस गल्ल्याखालच्या फळीवर गेली. आधी कुत्रं सुखरूप पार पडू दे, मग मालकाला बघू, असं ठरलं. रोज सकाळी मी फोन करत राहिलो. एकदा मेहुण्यानं न विचारता कुत्र्याचा व्हिडिओ पाठवला. त्यात ते शेपटीला चावत होतं. मी तो डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर म्हणाले, पिसवा असतील. मी मेहुण्याला कळवलं, त्यानं औषध आणलं. मी घरीही सांगितलं, तर बायको म्हणाली, "बरं झालं," आणि लगेच तोंड फिरवून गॅस बारीक करायला लागली.

मग एका सकाळी फोन मेहुण्याचाच आला.

"दाजी, कुत्रं न्हाय."

"न्हाय म्हणजे?"

"रातीपासनं न्हाय. भाकरी तशीच पडलीया."

मी दुकानात होतो. मशीनमधून कुणाच्या तरी वाटणीपत्राच्या प्रती निघत होत्या आणि मी त्या जमिनीवर पडू देत होतो. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पुढचं इंजेक्शन वेळेवर घ्या, घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यावर मी बसून घेतलं. मशीन बायकोनं बंद केली. ती डबा घेऊन आली होती आणि माझं तोंड पाहून डबा न उघडता शेजारी बसली. त्या दिवशी तिला भावाची काळजी होती, माझी होती का कुत्र्याची, ते मी विचारलं नाही. तिघंही तिचेच होते.

संध्याकाळी फोन आला. "घावलं," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "कळंबाच्या बाजूला एका वस्तीवर गेलं हुतं. तितं कुत्री हाय. ठणठणीत हाय, दाजी. भाकरी खातंय. थांबा, आयकवतो." आणि त्यानं फोन कुत्र्याच्या तोंडाशी धरला. मी बराच वेळ ऐकत होतो.

नंतर फोन त्याच्या बायकोनं घेतला. "दाजी, ह्यांनी सकाळपासनं पाण्याचा घोट घेतला न्हाय. सगळा ऊस तुडवला. आज आमची पाण्याची पाळी हुती, ती पन सोडली."

हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं, वस्तीवरच्या नाही. कालव्याचं पाणी पाळीनं मिळतं. आपली वेळ आली की फाट्यावर उभं राहून ते आपल्या रानात घ्यायचं. वेळ गेली की पाणी पुढच्याच्या रानात जातं, आणि आपण पुढल्या पाळीपर्यंत आभाळाकडं बघायचं. तिथं माणसं पाळीसाठी लग्नातल्या पंगती सोडून उठतात. सख्ख्या भावांची तोंडं पाळीवरून बंद झालेली मला माहीत आहेत. माझा मेहुणा ट्रॅक्टरच्या पूजेच्या दिवशीसुद्धा पाळी होती म्हणून आरतीला नव्हता, असं मी बायकोकडून ऐकलं होतं.

आणि त्यानं "चूक झाली" अजूनही म्हटलेलं नव्हतं.

फळीवरची नोटीस मी काढली. तिची पाठ कोरी होती, म्हणून त्या आठवड्यात मशीन नीट चालतेय का हे बघायला तिच्यावर नमुन्याच्या प्रती काढल्या. वकिलाला सांगितलं. तो म्हणाला, अशी प्रकरणं तो रोज आपसात मिटवतो, पण एका बाजूला कुत्रं असताना पहिल्यांदाच.

भाऊबिजेला आम्ही गेलो. लासुर्ण्याला वळलो, कळंब मागं टाकलं, उसाच्या कडेला गाडी लावली. मी बांधावर थांबलो, घसा साफ केला आणि ओरडलो, "कुत्रं धरा होऽऽ!" आवाज चांगला निघाला. दोन बगळे उडाले.

"धरलंय! या!"

कुत्रं नव्या साखळीला होतं. गुरांच्या डॉक्टरांकडून त्याला रेबीजची लस टोचून आणल्याचं मेहुण्यानं पाणी देता देताच सांगितलं. मग मी पिसवांचं विचारलं. मग त्यानं पोटरी दाखवा म्हटलं. मी दाखवली, आणि ती बघून त्यानं जीभ चावली. मग जंताच्या औषधाचा विषय निघाला, तो बराच चालला. मध्येच तो म्हणाला, "दाजी, आता तुमी हाळी दिऊ नका. घरच्या माणसानं हाळी दिलेली बरी दिसत न्हाय."

"असू दे," मी म्हणालो. "देत जाईन."

परत निघालो. बायकोच्या मांडीवर ओवाळणीची साडी होती, तिच्यावर हात ठेवून ती बाहेर बघत बसली होती. लासुर्ण्याचा फाटा मागं पडल्यावर म्हणाली, "ताट घिऊन मी उभी. निरांजन दोनदा विझलं. आणि तुमचं दोघांचं कुत्र्याच्या जंतावर चाललंय. भाऊबीज माझी हुती का त्याची? पुढच्या वर्षी तुमी बाहेर कुत्र्यापाशीच बसा. आता वळखतंय ते तुमाला."