गाडीच्या रेडिओवर भावोजी

माझ्या गाडीतल्या टेपच्या तोंडात एक कॅसेट अडकली आहे. ती आधीच्या मालकाची. ती बाहेर येत नाही, वाजत नाही आणि दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नाही. राहता राहिला रेडिओ. जोयड्याच्या रानात एकही स्टेशन पोचत नाही, त्यामुळे बटण दाबलं की तो नुसता शूं करतो. अशी गाडी मी हौसेनं चालवतो आणि भेटेल त्याला तिचं कौतुक सांगतो. कौतुक सांगायला मला फारसं कारण लागत नाही. सबंध तालुक्यात माझी तशी ख्याती आहे, आणि पुढं जे झालं त्यात निम्मा वाटा त्या ख्यातीचाच.

माझी थोरली बहीण, अक्का, नंदिगड्ड्याला राहते. तिचे कान चाललेत. डाव्यानं काही ऐकू येत नाही, उजव्यात ओरडावं लागतं. बेळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, आहे तेही हळूहळू जाणार. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी गेले. अबोल माणूस. मी त्यांची नक्कल करायचो तेव्हा लोक म्हणायचे, "भावोजींपेक्षा तूच जास्ती बोलतोस त्यांच्या आवाजात."

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या उशाच्या फळीवर काडेपेटीएवढा एक गाण्यांचा डबा सापडला. चपटा, एका बारीक सेलवर चालणारा, वर आवाज भरायचं बटण. मी इयरफोन लावून ऐकला. चार मिनिटं. आधी खोकला, मग "हालो, हालो, चालू हाय का ह्ये?", मग कुत्र्याला "हाड, हाड", मग बराच वेळ काहीच नाही. आणि शेवटी दोन वाक्यं, फक्त अक्कासाठी.

ती तिला सांगायची नाहीत असं मी लगेच ठरवलं. ती त्यांच्याच तोंडून तिच्या कानात पडायला हवीत. पण इयरफोन तिच्या कानाला पुरत नव्हते, फोनवर एखादं गाणं लावलं तरी ती म्हणायची, "मुंगी बोलतीय काय?" त्या डब्याला वायर जोडायची जागा मोडलेली, त्यामुळे आतलं बाहेर काढून घेता येईना. जिवंत होतं ते एकटं इयरफोनचं भोक. पण माझ्या गाडीच्या दाराला कान लावला की तिला आतल्या स्पीकरमधला आवाज ऐकू यायचा. दारातला स्पीकर मोठा आहे. कपबशीची बशी असते तेवढा.

जोयड्याच्या मोबाइलवाल्यानं उपाय काढला. गाडीत सिगारेट पेटवायच्या भोकात बसणारी एक दांडी, तिची शेपटी डब्यात खोचायची. ती दांडी स्वतःच एक इवलंसं रेडिओ स्टेशन होते आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो.

"मामा, आपल्याकडं ह्ये लई झकास चालतंय," तो म्हणाला. "दुसरं स्टेशनच न्हाई. मोकळं रान."

त्याच्या दुकानासमोर करून पाहिलं. भावोजी गाडीत खोकले, अगदी मागच्या सीटवर बसल्यासारखे. त्याच क्षणी मला नाटक सुचलं.

साधा माणूस काय करील? नंदिगड्ड्याला जाईल, अंगणात गाडी लावील, बहिणीला दाराशी बसवील. मला मात्र रंगमंच हवा होता. पुढच्या आठवड्यात रामनगरला नातेवाइकांची वास्तुशांत होती. वाटेत जिथं झाडी सरते आणि एकदम आभाळ दिसतं, तिथं गाडी थांबवायची आणि काही न सांगता बटण दाबायचं. बायकोला तेवढं सांगितलं.

अक्का पुढं माझ्याशेजारी बसली होती. जोयडा सुटल्यावर बायको मागून म्हणाली, "अवो, हितंच लावा की. वन्सं झोपायच्या आत."

"हितं नुसती झाडं हायत."

"मग झाडांनी काय तिकीट काढलंय?"

मी ऐकलं नाही. रामनगरच्या अलीकडं मोकळं आलं तशी गाडी थांबवली, काचा वर केल्या, अक्काला मागं वळवून तिचा उजवा कान दाराशी नेला आणि बटण दाबलं.

खोकला आला. अक्का ताठ झाली.

"तम्मा," ती म्हणाली. धाकट्या भावाला ती कन्नडातलं तम्मा म्हणते. "ह्ये त्येंचं खोकणं हाय."

"व्हय!" मी तिच्या कानात ओरडलो.

"हालो," भावोजी म्हणाले, आणि दुसऱ्या हालोच्या आत एक बाई हसली. खळखळून. मग तिनं कन्नडात कुकरच्या शिट्टीचं कौतुक सुरू केलं.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. "बाई कोण हाय त्येंच्यासंगट?"

मागं बायकोनं तोंडात पदर कोंबला. मलाही हसू फुटलं, खोटं का बोलू. पण आवाज तुटतोय म्हटल्यावर इथला कुणीही जे करील तेच मी केलं. आमच्याकडं फोनला रेंज नसली की माणूस चढावर जातो. अमक्या वळणावर दोन काड्या, तमक्या धोंड्यावर तीन, हे आम्हाला पाठ असतं. मी गाडी सुरू केली आणि चढावरच्या वळणावर नेली, जिथं दिवसभर माणसं फोन उंच धरून उभी असतात.

तिथं ती बाई आणखी खणखणीत झाली. तिच्या मागं ढोल लागला. भावोजी पार बुडाले. उंचावर भावोजींना नाही, त्या बाईच्या स्टेशनला रेंज होती. खाली, रानाच्या खळग्यात उतरायला हवं होतं, हे डोक्यात यायला मला दोन दिवस लागले.

"आवाज वाढवा!" बायको म्हणाली.

मी डबा हातात घेतला आणि दिसेल ते बटण दाबून धरलं. छोट्या पडद्यावर कुठल्या तरी परक्या लिपीत काहीतरी उमटलं. तो मला काही विचारत होता. मी सभ्य माणूस, हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो म्हटलं.

मग डब्यात काहीच उरलं नाही. मोबाइलवाल्यानं नंतर तासभर झटून पाहिलं. "मामा, धुऊन टाकलंसा तुमी," म्हणाला.

त्या वळणावर मात्र मी अजून सावरेन अशा भ्रमात होतो. रेडिओ बंद केला. अक्का दाराला कान लावूनच बसली होती.

"पुढं काय म्हनले ते?" तिनं माझ्याकडं वळून विचारलं.

आयुष्यभर ज्यांची नक्कल करून मी लोकांची हसवून पोटं दुखवली, त्यांचा आवाज मी घशात आणला. खोकलो. आणि तिच्या उजव्या कानात त्यांची दोन वाक्यं जशीच्या तशी म्हटली. "पेजंत मीठ कमी हाय म्हणून चाळीस वर्षं तुला बोललो. कमी नव्हतं गं कदी."

एक अक्षर मी पदरचं घातलं नव्हतं.

अक्का हसली. माझ्या नकलेला ती हसते तसंच, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग तिनं माझ्या गालावर हलकी चापट मारली.

"चाबरा. ते न्हाई असं बोलायचे. रचतोस तू."

"अक्का, शपथ!"

"तुझ्या शपथा मला ठाऊक हायत."

बायको मध्ये पडली, "वन्सं, खरंच हाय ते," पण तिनंही ते स्वतः ऐकलेलं नव्हतं, माझ्याकडूनच ऐकलेलं. अक्कानं तिच्याकडंही तसंच कौतुकानं पाहिलं, जशी काय आम्ही दोघांनी मिळून तालीम केली होती. मग पदरानं डोळे पुसले, म्हणाली, "चला, तिकडं जेवणं व्हतील," आणि काच खाली करून बाहेर बघत बसली.

त्यानंतर तीनदा सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा थोडी कमी हसते. आता उजव्या कानातही फार ओरडावं लागतं, आणि इतक्या मोठ्यानं ओरडून सांगितलं की ते माझ्या मलाच खोटं वाटतं.