बोलाची शाळा

पाटीवर 'नोकरी-पूर्वतयारी वर्ग' असं लिहिलं होतं. वर्ध्याच्या एका संस्थेनं गरजू लोकांसाठी तो काढला होता. येणाऱ्या बायका मात्र त्याला 'बोलाची शाळा' म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर तेच नाव बरोबर होतं. तिथं आम्ही लोकांना बोलायलाच शिकवत होतो. 'मले' नाही, 'मला'. 'काऊन' नाही, 'का'. 'हाव' नाही, 'हो'.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. मी बी.ए. होऊन वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघ्यात घरी बसले होते. नोकरी कशी मिळवावी हे शिकवायला संस्थेनं नेमकी अशी मुलगी ठेवली, जिला स्वतःला नोकरी मिळत नव्हती! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण महिन्याला थोडे पैसे मिळायचे, म्हणून मी गुमान जायची.

वर्ग एका टिनाच्या गोदामात भरायचा. उन्हाळ्यात तिथं बसणं म्हणजे तव्यावर बसणं. तरी माणसं यायची. कापसाचं जिनिंग बंद पडल्यामुळं घरी बसलेले गडी, मॅट्रिकला गटांगळी खाल्लेले पोट्टे, नवऱ्यानं टाकलेल्या बायका. मी त्यांना दारात थांबून 'आत येऊ का' विचारायला शिकवायची, नजर वर ठेवायला शिकवायची. आणि सगळ्यात मोठा धडा 'तुम्ही'चा.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्या भागात आईला तू, बापाला तू, आजीला तू. जवळच्या माणसाला 'तुमी' म्हटलं तर तो विचारतो, 'काऊन व, रागावली का?' 'तुमी' असतं ते पटवाऱ्याला, डॉक्टरला, नव्या सोयऱ्याला. ज्याच्यावर जीव त्याला तू. तिकडं पुण्याकडं मोठ्या माणसाला हेच तू म्हणजे अपमान.

माझ्या घरी त्याची आणखी एक बाजू होती. माझ्या आज्याला गावातलं कोणाचंही शेंबडं पोट्टं 'तू' म्हणायचं, आणि आज्यानं मान खाली घालून ऐकायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर वडिलांनी घरात कायदाच केला, की लहान लेकरालाही 'तुम्ही' म्हणायचं. मला शाळेत घालायला नेलं तेव्हा ते म्हणाले होते, 'चला बाई, तुम्ही आता शिका.' मास्तर हसले होते. वडील नव्हते हसले. म्हणून 'तुम्ही' शिकवताना मला कधी लाज वाटली नाही. 'मले' पुसताना मात्र जीव कसनुसा व्हायचा.

त्या वर्गात हिंगणीहून एक बाई यायची. माहेर केळझरचं, म्हणून हिंगणीत तिला सगळे केळझरवाली म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. चाळिशीची, नवरा वारलेला, एकच मुलगी, नुकतीच नववी पास झालेली. घर नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, म्हणजे भासऱ्याचं. त्या भासऱ्यानं तिला स्पष्ट सांगितलं होतं, 'वयात आलेली पोट्टी मी घरी बसवून ठेवनार नाई. सोयरीक आली आहे, करून टाकू.' केळझरवालीनं त्याच्याकडून मुदत मागून घेतली होती.

मुदत कशाची, तर वर्ध्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकीण पाहिजे होती. पगार बेताचाच, पण राहायला खोली, आणि स्वयंपाकिणीच्या मुलीला तिथं फुकट ठेवून दहावीला बसवायची सोय. ती नोकरी मिळाली तर पोरगी शाळेत, नाही मिळाली तर मांडवात. मधला रस्ताच नव्हता.

'मले रांधता येते, ते कोनी इचारत नाई,' ती वैतागायची. 'बोलता येते का, तेच पायतात. म्या काय भाषण द्याले चालली?'

'मला,' मी म्हणायची.

'मला. जळो तुह्यं मला!'

मला ती 'तू'च म्हणायची. मी शिकवणारी, पण वयानं तिच्या धाकट्या बहिणीसारखी. मी रागवायची, 'अहो, मलाही तुम्ही म्हणा, सवय लागेल.' ती तोंडाला पदर लावून हसायची. 'तुले तुमी म्हटलं का माह्या तोंडाले कडू लागते व.' पण शिकली. पोरीसाठी शिकली. घरी पोरगी तिला धडे द्यायची, शेतात निंदायला गेली की पिकाच्या तासातासातून 'आपण सांगाल तसं' घोकायची. बाकीच्या बायका तिला साहेबीण म्हणून चिडवत.

मुलाखतीच्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. मला दाराशी स्टुलावर बसू दिलं. टेबलामागं तिघं होते. मधे वसतिगृहाचे व्यवस्थापक, पुण्याकडून आलेले, शिस्तीचे. एका बाजूला एक डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त मास्तर.

'बस. किती जणांचा स्वयंपाक केला आहेस?' व्यवस्थापकांनी विचारलं.

'मला पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक करता येतो, साहेब.'

'मला' म्हणाली! मी स्टुलावर बसल्या जागी खूश.

'मुली उलट बोलतात. तू त्यांच्यावर ओरडशील का?'

'नाही साहेब. आपण सांगाल तसं वागेन.'

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. सगळं बरोबर चाललं होतं. तेवढ्यात शिपायानं चहा आणि चिवडा आणून ठेवला. व्यवस्थापकांनी पुढचा प्रश्न विचारता विचारता चिवड्याचा बकाणा भरला, आणि दाणा घशात अडकला. असा ठसका लागला, की माणूस लालबुंद, डोळे बाहेर. मास्तर 'पाणी, पाणी' म्हणत शिपायाला हाका मारू लागले. डॉक्टरीणबाई उठेपर्यंत केळझरवाली टेबलाला वळसा घालून पोचलीसुद्धा. तिनं साहेबांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

'वर पाय रे बाप्पा, वर पाय! हळू खाचं ना, कोन पळवून नेऊन राह्यलं तुह्यं?'

आमच्याकडं 'पाय' म्हणजे पाहा. ठसका लागला की वर पाहायला सांगतात, हे सगळीकडंच आहे. पण पुण्याच्या माणसाला ऐकू आलं ते फक्त 'वर पाय'. आणि त्या घाबरलेल्या माणसानं खुर्चीत बसल्या बसल्या खरोखरच दोन्ही पाय वर उचलले! बुटांसकट!

डॉक्टरीणबाई खो खो हसत सुटल्या. मास्तरांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. दारातला शिपाई पळून गेला. माझ्याही पोटात हसू उसळलं होतं, पण तेवढ्यात मी साहेबांचा चेहरा पाहिला आणि ते जागीच विरलं.

केळझरवालीचं कुठंच लक्ष नव्हतं. तिनं पाण्याचा गिलास त्यांच्या ओठाला लावला. 'घे. घोट घोट पे. आता बरं वाटते ना रे तुले?' आणि जागेवर येऊन, पदर सावरून, पुन्हा नीट बसली.

'ये तू आता,' साहेब म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर तिनं माझा हात गच्च धरला. तिचा चेहरा फुलून आला होता. 'झालं व माय! माह्या हातचं पानी पेला तो. साधा मानूस आहे बिचारा.' मी 'हो' म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला, ती उद्धट आहे, मुलींच्या वसतिगृहात अशी भाषा चालणार नाही.

डोक्यात अशी तिडीक गेली! मी तशीच उन्हात तणतणत त्यांच्या कचेरीत गेले. म्हटलं, 'साहेब, तुमचा जीव कासावीस झाला होता, म्हणून ती धावली. आमच्याकडं जीव लावतात त्याला तू म्हणतात.'

'नोकरीच्या ठिकाणी जीव लावायचा नसतो,' ते म्हणाले.

'तुम्हीही तिला सगळा वेळ तूच म्हणत होता.'

ते माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना माझं म्हणणं खरोखर कळलंच नव्हतं. 'अहो, मी तर मुलाखत घेत होतो,' ते म्हणाले.

माझा आवाज चढला, त्यांचाही चढला, आणि शेवटी शिपायानं मला 'ताई, चला' म्हणत बाहेर आणलं. फाटकाशी उभी राहून मी रागानं रडले. उद्धट ती नव्हती, उद्धट मी होते, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

केळझरवाली वर्गात आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'तू म्हटलं म्हून? मंग काय म्हनाचं होतं? मरून राह्यला होता तो! मरनाऱ्या मानसाले कोनी तुमी म्हन्ते का व?'

त्यानंतर ती वर्गाला आली नाही.

उन्हाळा सरत आला. वर्ग चालूच होता. मी नव्या लोकांना तेच ते शिकवत होते आणि माझंच मन उडालं होतं. एके सकाळी वसतिगृहाचा शिपाई माझ्या दारात. ज्या बाईला घेतलं होतं ती शुद्ध बोलायची, पण पहाटे उठून पोळ्या लाटणं तिला झेपेना, सामान उचलून निघून गेली. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर स्वयंपाकघर बंद. 'साहेबांनी विचारलंय,' शिपाई हसू दाबत म्हणाला, 'ती वर पाय वाली मिळेल का?'

मी चहा अर्धा टाकून उठले आणि हिंगणीची एस.टी. पकडली. गाडी केळझरला थांबली तेव्हा तिथल्या गणपतीला मी बसल्या जागेवरून हात जोडले. आमच्या घरात कुणी जोडत नाही. पण त्या दिवशी जोडले बाप्पा, काय करता!

अंगणात पाऊल टाकलं तर समोर हिरवा मांडव.

केळझरवाली तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठली, खाट टाकली, पाणी दिलं. मी एका दमात सगळं सांगितलं, की नोकरी मिळाली, आजच चला, पोरीलाही घ्या. ती ऐकत होती आणि सुपातल्या तांदळात नुसती बोटं फिरवत होती.

'सुपारी फुटली व,' ती म्हणाली. 'पाव्हने येऊन साडी नेसवून गेले. परवा लगन आहे.'

'मोडा!' मी ओरडलेच. 'पंधरा वर्षांची पोर आहे ती! कायद्यात तरी बसतं का?'

'हळू बोल.' तिनं आत पाहिलं. 'भासऱ्यानं शब्द देला आहे. मी त्याच्या घरात रायतो. आता लगन मोडलं तं तो मले ठेवीन का? अन् तुह्या त्या साहेबानं उद्या पुन्यांदा काढलं, तं मी या पोट्टीले घेऊन कोठी जाऊ? सांग.'

त्या साहेबाची हमी मी कशी देणार?

'मग तुम्ही एकट्या तरी चला,' मी म्हटलं.

'माह्या एकलीले कायले पायजे नोकरी?' ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. 'पोट्टीसाठी शिकत होती मी ते सारं. माह्यं काय, निंदनं आहेच.'

मला तिचा राग आला, भासऱ्याचा आला, आणि त्या चिवडा खाणाऱ्याचा तर असा आला, की समोर असता तर मी त्याला जन्मात कुणी म्हटलं नसेल इतक्या वेळा तू म्हटलं असतं. वरातीमागून घोडं आणलं होतं त्यानं. जेवायचा आग्रह झाला. मी उठले.

पोरगी मला एस.टी.पर्यंत पोचवायला आली. हातात हिरव्या बांगड्या, पायात शाळेचीच चप्पल. मला वाटलं, रडेल, म्हणेल, मला घेऊन चला. मी म्हणूनच तिच्याकडं बघायचं टाळत होते. थांब्यावर पोचल्यावर ती इकडं तिकडं बघून हळूच म्हणाली, 'बाई, एक इचारू?'

'विचार ना.'

'सासूले तू म्हनाचं, का तुमी? आई म्हन्ते, तिले मायच समज, तू म्हन. पन आईचं त्याच्यानंच काम गेलं ना? मले भेव वाटते. तुमी शिकोता हे, तुमाले माहीत असन.'

एस.टी. धूळ उडवत येताना दिसत होती.

'तुम्ही म्हण,' मी म्हटलं.

'अन् त्यायले?' नवऱ्याचं नावही न घेता तिनं विचारलं.

'त्यांनाही.'

तिनं मान हलवली. मग ओठ नीट जुळवून, म्हणून पाहिलं, 'तुम्ही.' पुन्हा एकदा म्हणाली, 'तुम्ही.' माझ्या वर्गात इतकं स्वच्छ कुणालाही कधी जमलं नव्हतं.