चेटकिणींचं हळदीकुंकू

माझ्या आईला फसवायला मी आयुष्यात एकदाच गेलो, आणि तेव्हा मला तीन चेटकिणी, एक कढई आणि अख्खी स्पॅनिश भाषा कमी पडली.

आम्ही सिंगापूरला, सेंगकांग भागात राहतो. माझ्या बायकोला, मानसीला, पाच वर्षांनी पुन्हा नोकरी मिळाली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. आमच्या आठ वर्षांच्या लेकीला, इराला, शाळेनंतर बघायचं कोणी? म्हणून पुण्याहून आईला आणलं. पण तीन महिने राहीन असं ती काही कबूल करेना. "बघते, करमलं तर," एवढंच! त्यात आल्या आल्या तिला इमारतीखाली कागदाच्या खोट्या नोटा जाळणारी माणसं दिसली. मी उत्साहाने माहिती पुरवली, "अगं, या महिन्यात इथे भुतं मोकळी फिरतात, त्यांच्यासाठी असतं ते." आईने घाईघाईने लिफ्ट गाठली. मानसीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"त्या घाबरून परत गेल्या ना, तर माझी नोकरी गेली. मग गाठ माझ्याशी आहे!"

शनिवारी दुपारी ती ऑफिसचे कपडे घ्यायला गेली. जाताना बजावून गेली, "आईंना छान काहीतरी लावून दे. हसतील असं." मी शोधाशोध केली. एका सिनेमाच्या चित्रात तीन म्हाताऱ्या खदाखदा हसत होत्या आणि खाली 'कॉमेडी' लिहिलं होतं. (त्याच्या आधी 'हॉरर' हाही शब्द होता. पण मी व्यवस्थापक आहे, मला पूर्ण वाचायची सवय नाही.) सिनेमा स्पॅनिश, खालची अक्षरं इंग्रजी, आणि आईचा चष्मा आत राहिलेला.

"असू दे," मी म्हणालो. "मी सांगत जातो ना मराठीत!"

पाचव्या मिनिटाला पहिल्या म्हातारीने पोस्टमनचा बेडूक केला.

मी रिमोटवर झडप घातली. "बोअर आहे गं, बदलतो."

"राहू दे रे! पोस्टमन कुठे गेला?"

"तो... सुट्टीवर."

"आणि बेडूक?"

"बदली कामगार," असं तोंडातून निघून गेलं! एकदा सुरुवात झाली म्हटल्यावर मागे फिरणं शक्य नव्हतं. जंगलात जमलेल्या चेटकिणींचं मी महिला मंडळ केलं. त्यांच्या मंत्रांची आरती केली. कढईत पाली पडायला लागल्या तेव्हा मी घाईने म्हणालो, "भरली वांगी."

"देठ फारच वळवळतायत," आई म्हणाली.

मग त्यांनी गावच्या नगराध्यक्षाला दोरीने बांधून आणलं.

"हे कोण?"

"प्रमुख पाहुणे. हळदीकुंकू आहे ना!"

"बांधून आणलंय?"

"येत नव्हते. आग्रह केला."

इतका वेळ खालची अक्षरं वाचत बसलेल्या इराला आता राहवेना. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "बाबा, व्हाय यू लाय लाह? दे आर गोइंग टू ईट हिम!"

"जेवायला थांबवतायत, असं म्हणतेय ती," मी आईला सांगितलं आणि इराला खुणेनेच दोन बबल टी कबूल केले. आई पदर तोंडाशी धरून बसली होती, खांदे थरथरत होते. रडतेय की काय! मला मानसीचा चेहरा दिसायला लागला.

तेवढ्यात थोरल्या चेटकिणीने स्वतःची कातडी स्वेटरसारखी काढली आणि छतावरून थेट आमच्या अंगावर उडी मारली. पुढचं मला नीट आठवत नाही. इराच्या म्हणण्याप्रमाणे मी "आई गं!" म्हणून किंचाळलो, चहाचा कप उडवला आणि आईच्या मागे जाऊन बसलो. म्हणजे आई आणि सोफ्याची पाठ यांच्यामध्ये, जिथे साधी उशीसुद्धा मावत नाही!

आईने शांतपणे रिमोट घेऊन चित्र थांबवलं.

"हळदीकुंकवाला एवढं घाबरतात का रे?"

"तुला... दिसत होतं?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना वर्षापूर्वी. लांबचं लख्ख दिसतं, चष्मा फक्त जवळचं वाचायला. आणि बँकेत तीस वर्षं इंग्रजीच वाचत होते. पण सिनेमापेक्षा तुझंच ऐकायला मजा येत होती, म्हणून नाही बोलले. हसू दाबून दाबून पोट दुखलं माझं."

मला फार लाज वाटली. घाबरल्याची नव्हे, ऑपरेशन विसरल्याची. तेव्हा मी रोज व्हिडिओ कॉल करून चौकशी केली होती आणि फोन ठेवल्यावर बहुतेक सगळं विसरत गेलो होतो.

पण आईला माझा पांढरा पडलेला चेहराच दिसत होता. "बस खाली. दृष्ट काढते." मी बसलो. तिने मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि तापलेल्या तव्यावर टाकल्या. फ्लॅटभर धूर! मी खोकतोय, इरा खोकतेय, शेजारची चिनी आंटी नाक धरून दारात उभी. "आय्या! यू ऑल कुकिंग व्हॉट?"

लिफ्टमधून पिशव्या घेऊन आलेल्या मानसीला हे दृश्य दिसलं. धूर, तव्यापाशी पुटपुटणारी सासू आणि जमिनीवर मांडी घालून रडणारा नवरा.

"गेली माझी नोकरी," ती दारातच म्हणाली.

"कशाने जाईल?" आई म्हणाली. "एवढा ठसका लागला म्हणजे दृष्टबिष्ट काही नाही. नुसताच भित्रा आहे! तू सोमवारी निश्चिंत जा, मी राहते तीन महिने."

मानसीने आईला मिठीच मारली. "इराची खरंच काळजी होती हो मला."

"इराची कसली काळजी?" आई म्हणाली. "ती पोर अगदी शहाणी आहे. मी थांबतेय ती याला एकट्याला घरी सोडता येत नाही म्हणून!"