वळणावरचे मासे

विद्याबाईंना हल्ली ओल्या मोज्यांचा वीट आला होता. गमबूट चढवायचे, ओढ्यात उतरायचं, जाळं लावायचं, मासे मोजून परत सोडायचे, आणि वर येऊन मोजे पिळत बसायचं. पन्नाशीत माणसाने खुर्चीत बसून हुकूम सोडावेत. पण दरवर्षी इंटर्नशिपला नवी पोरं यायची, आणि त्यांना वाहत्या पाण्यात न पडता उभं कसं राहायचं हे दाखवायला पुन्हा ह्याच पुढे.

ओढा म्हणजे मूळचा काँक्रीटचा नाला. तो फोडून त्यात दगड मांडले, काठाला गवत लावलं, त्याला चार वर्षं झाली होती. आता मासे खरंच परतले का, हे विद्यार्थ्यांकडून तीन जागी मोजून घ्यायचं. सुधारणा दिसली तर प्रकल्प पुढे चालणार. प्रकल्प चालला तर विद्याबाईंचा करार वाढणार, आणि करार वाढला तरच सिंगापुरात राहायचा पास. नाहीतर २०१७ उजाडायच्या आत क्लेमेंटीचा फ्लॅट सोडून पुण्याला. नवरा, पद्माकर, जन्मभर जहाजावर इंजिनिअर. हृदयाचं दुखणं निघालं तसा घरी बसला, बायकोच्या पासवर.

पुलाखाली आणि मैदानापाशी मासे काही केल्या वाढेनात. वाढले ते फक्त वळणावर, पण असे वाढले की जाळं जड लागावं. "वळणाने अब्रू राखली हो आपली," असं विद्याबाई जेवताना म्हणायच्या, आणि पद्माकर मान खाली घालून आमटी भुरकायचे.

अहवालाच्या आठवड्यात जिया हुई ही इंटर्न जाळं धुताधुता, इथल्या सवयीने 'लाह' जोडत, सहज म्हणाली, "मॅम, एव्हरी मॉर्निंग वन इंडियन अंकल कम, फीड द फिश, लाह. स्टील टिफिन, लाइक युवर्स."

दुसऱ्या दिवशी नवरा फिरायला गेला, आणि विद्याबाई त्याच्या मागोमाग निघाल्या. वळणावरच्या दगडावर पद्माकर वाकून बसले होते. शेजारी डबा, डब्यात गोळ्या, आणि खाली पाण्यात माशांची नुसती झुंबड.

"अहो, हे काय?"

पद्माकर दचकले. "पुण्याच्या गुरुजींनी पत्रिका बघून फोनवर सांगितलं. माशांना कणकेच्या गोळ्या घाला, अडलेलं काम होईल. तुझ्या पासचं गं."

"आख्ख्या सिंगापुरात हीच जागा सापडली?"

"तू इथे मोजतेस ना. म्हटलं, तुझ्याच माशांचा आशीर्वाद लागू दे."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

वळणावरचे आकडे चढायला लागले तेही मार्चपासूनच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! विद्याबाईंना राग आला, फार आला. पण ज्या माणसाने आयुष्यात पत्रिकेचा कागद उलगडला नव्हता, त्याच्या नखांत कणीक अडकलेली दिसली आणि ओरडायला अंगात जोरच उरला नाही. त्या त्याच्या शेजारी दगडावर बसल्या.

"मासे तर खरे आहेत ना?" पद्माकर हळूच म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

विद्याबाई इतक्या थकल्या होत्या की घटकाभर त्यांना ते पटलंसुद्धा. तीन वर्षं चिखल तुडवला होता. आता एक सही केली की झालं.

दुपारी शेवटच्या मोजणीला त्या आणि जिया हुई वळणावर उतरल्या. जाळं अजून लावलंही नव्हतं. दोघींची सावली पाण्यावर पडली, आणि सगळे मासे तोंडं उघडून वर आले. जिया हुईने मासे पाहिले, मग विद्याबाईंकडे पाहिलं.

"मॅम, दॅट अंकल... यू नो हिम?"

नाही म्हणणं किती सोपं होतं.

"माय हजबंड," विद्याबाई म्हणाल्या. मग इंग्रजीतूनच, रोजचं काम सांगावं तसं, त्यांनी तिला मार्चपासूनचे वळणावरचे सगळे आकडे काढून टाकायला सांगितलं.

"देन नथिंग लेफ्ट, मॅम."

"येस," विद्याबाई म्हणाल्या. "नथिंग लेफ्ट."

जिया हुईने जाळं गुंडाळलं, बादली उचलली आणि चढ चढताना मॅमला हात दिला. विद्याबाईंनी तो धरला, आणि वर येऊन एकदा मागे पाहिलं. मासे अजून तिथेच होते, तोंडं उघडी ठेवून वाट बघत.